चौक तेवढा स्पष्ट आला

चष्मा लागला की माणूस शहाणा दिसतो म्हणतात. फोटोग्राफरला चष्मा लागला की तो फक्त अडचणीत दिसतो. कॅमेऱ्याला डोळा लावायचा तर चष्मा मध्ये येतो, काच घासते आणि चौकटीचे कोपरे दिसेनासे होतात. चष्मा काढून डोळा लावला तर चौकट दिसते, पण फोटो कसा आला ते मागच्या पडद्यावर बघायला पुन्हा चष्मा हवा. म्हणजे दर फोटोला चष्मा काढायचा आणि दर फोटोला घालायचा. तोवर नवरी जेवायला निघून जाते.

बायको म्हणते, दोरी बांधा आणि गळ्यात अडकवा. मी म्हणतो, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा आहेच, दोन-दोन दाव्यांनी बांधून घ्यायला मी काय बैल आहे? मग मी चष्मा कपाळावर चढवतो आणि थोड्या वेळाने तोच मांडवभर शोधत फिरतो. काखेत कळसा नि गावाला वळसा. करवल्या फिदीफिदी हसतात. मीही हसतो. चिडलो तर वय आणखी दिसतं.

जव्हारच्या बाजारात माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतीला एक निळा पडदा, एक स्टूल, आणि केस विंचरायला एक आरसा. दाखल्यांचे, शाळेचे, आधारचे नाहीत पण बाकी सगळ्या कार्डांचे फोटो इथे निघतात. पूर्वी शिरपामाळावर सहलीला आलेल्यांचे फोटो काढून थोडी भर पडायची. आता तिथे सगळे स्वतःच स्वतःचे काढतात आणि मला म्हणतात, काका, जरा बाजूला व्हा. उरली ती लग्नं. उन्हाळ्यात मोखाड्याकडच्या पाड्यांवर रोज कुठे ना कुठे मांडव असतो, आणि तिथे मला अजून बोलावतात. मी वर्षानुवर्षं जातोय म्हणून बोलावतात. माझे फोटो चांगले येतात म्हणून बोलावतात, असं मी आता म्हणत नाही.

चाळिशी लागली तेव्हा मी मनावर घेतलं नव्हतं. चाळिशी वाचण्यापुरती, कॅमेऱ्याशी तिचा काय संबंध, अशी माझी समजूत. पन्नाशीनंतर मात्र उजव्या डोळ्यापुढे सकाळ-संध्याकाळ धुकं राहायला लागलं. माझा उजवा डोळा कामाचा आणि डावा आरामाचा. एवढी वर्षं कॅमेऱ्यातून उजव्यानेच बघितलं. डाव्याला बिचाऱ्याला सगळं बरं दिसतं, पण तो कॅमेऱ्याला लावला की नाक मागच्या पडद्यावर आपटतं आणि बोटं बटणं शोधत बसतात. नाशिकला डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण कच्चा आहे, बघू पुढे, तोवर हा चष्मा घाला. वर लांबचा नंबर, खाली जवळचा. हा चष्मा घालून पाड्याची उतरण उतरायची म्हणजे शिक्षाच. खाली पाय ठेवायला बघावं तर नेमका जवळचा नंबर आडवा येतो आणि दगड पोहायला लागतात. अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून मी लग्नाला उतरतो.

डोळ्यावरचा भरवसा गेला तसा मी कॅमेऱ्यावर टाकला. पूर्वी कॅमेरा काहीही म्हणाला तरी मी माझ्या डोळ्याला विचारत असे, चेहरा लागला का, पापणी दिसते का. आता डोळ्याला विचारून उपयोग नव्हता. कॅमेरा स्वतःच नेम धरतो, नेम लागला की बारीक टिक् असा आवाज करतो. तो आवाज आला की दाबायचं. कानाने फोटो काढायला लागलो होतो मी, आणि बरेच महिने ते निभावलंही.

सूर्यमाळच्या खालच्या अंगाला एक पाडा आहे. दोन उन्हाळ्यांमागे तिथे एका मुलाचं लग्न होतं. लग्न मुलाचं, पण मांडवात आधी बसायचे होते त्याचे आईबाप. आमच्याकडे हे नवं नाही. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली की एकत्र राहायला लागतात, घर करतात, मुलं होतात. लग्न लावायचं ते सोयीने, हाताशी काही जमलं की. कधी कधी जमता जमता केस पांढरे होतात. पण मुलांचं लग्न काढायचं तर आईबापांचं आधी लागलेलं हवं. म्हणून एकाच मांडवात सकाळी म्हाताऱ्यांचं आणि मग तरण्यांचं. बाहेरच्यांना याचं हसू येतं. मला येत नाही. मी अशी लग्नं पुष्कळ बघितली आहेत, आणि लग्नात नवरा-नवरी एकमेकांना ओळखत असतात असं फक्त तिथेच बघितलं आहे.

त्या घरात आतल्या भिंतीवर गेरू लावून वर तांदळाच्या पिठाने चौक लिहिलेला होता. मध्ये देवी, भोवती नक्षीची चौकट, झाडं, नाचणारी माणसं. लग्न लावणारी धवळेरी बाई गाणं म्हणत बसली होती. पाण्याची तिथे उन्हाळ्यात मारामार, तरी पाहुण्यांच्या पायावर पाणी पडत होतं. म्हाताऱ्याने नवा पांढरा शर्ट घातला होता, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. म्हातारी नवी साडी नेसून खाली मान घालून बसली होती. तिला मी मावशी म्हणायचो. बाजाराला आली की ती स्टुडिओच्या पायरीवर टेकायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकलेला होता. माणसं ती आवाजावरून ओळखायची, आणि बरोबर ओळखायची.

मी दोघांना चौकापुढे बसवलं. म्हटलं, जवळ सरका. म्हातारा वीतभर सरकला, तशी म्हातारी वीतभर पलीकडे सरकली. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. होणारी सून म्हणाली, "आता काय लाजता, चार पोरां झाली!" म्हातारी म्हणाली, "पोरांचे येलेस कोनी फोटो नाय काढला." पुन्हा हशा. शेवटी दोघांच्या मध्ये हातभर अंतर राहिलंच. मलाही हसू आवरेना. घामाने चष्मा भिजला होता, तो कपाळावर चढवला, डोळा लावला. आत नेहमीचं धुकं. दोन माणसं बसलेली दिसली. टिक् आवाज आला. मी दाबलं. पुन्हा टिक्, पुन्हा दाबलं. मग चष्मा शर्टाच्या टोकाला पुसून पडद्यावर बघितलं. चौकाची रेघ न् रेघ उठून दिसत होती. मला वाटलं, फोटो झकास आला.

स्टुडिओत येऊन कॉम्प्युटरवर मोठा केला तेव्हा कळलं. चौक खरंच झकास आला होता. पिठाचा ओघळ कुठे सुकला तेही दिसत होतं. पुढची दोघं मात्र भाताच्या वाफेमागे बसल्यासारखी. कॅमेऱ्याचा नेम दोघांच्या मधल्या त्या हातभर जागेतून आरपार भिंतीला लागला होता. तिथे त्यांना बसवून काढलेला प्रत्येक फोटो तसाच. मी आधी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. जुन्या डोळ्याला हे तिथल्या तिथे दिसलं असतं. मी म्हणालो असतो, मावशी, हलू नका, आणि नेम तिच्या नाहीतर म्हाताऱ्याच्या तोंडावर धरला असता. साधी गोष्ट होती. मला रडायला आलं, आणि रडताना चष्मा काढावा लागला याचाही राग आला.

मुलगा अल्बम न्यायला आला तेव्हा मी त्याला दाखवलं. म्हटलं, बाकी सगळे ठीक आहेत, तुझ्या आईबापाचा फोटो बिघडला. घेऊन ये त्यांना, पुन्हा काढतो. त्याने बघितलं. पोरगा ठाण्याकडे कामाला जाणारा, बोलायला गोड. म्हणाला, "टेन्शन नका घेऊ दादा. लावनी झाली का घेऊन येतो." लावणी झाली, कापणी झाली. दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर गेलं. त्याआधी माझाही पाड्यावर जायचा बेत दर आठवड्याला ठरायचा आणि त्या उतरणीच्या आठवणीने मोडायचा. थंडीत भट्टीवरच म्हाताऱ्याची छाती भरली. दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

मुलगा आला तो मोठा फोटो करून मागायला, घरात लावायला. दुसरा फोटो कुठेच नव्हता. मी त्यातलाच म्हाताऱ्याचा भाग कापला, थोडा चौक मागे राहू दिला, जमेल तेवढा सुधारला आणि फ्रेम करून दिला. मोठा केला तसा चेहरा आणखी विरघळला. मावशी बरोबर आली होती. तिने काचेवरून हात फिरवला आणि विचारलं, "दिसत नाय मना. पन ह्याच्यात हाय ना तो?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग झालं," ती म्हणाली आणि फ्रेम पदरात गुंडाळून घेऊन गेली.

तेवढ्यावर राहिलं असतं. पण पुढे मोखाड्याला डोळ्यांचं शिबिर भरलं. फीत कापतानाचे फोटो काढायला मला बोलावलं होतं. डोळ्यांच्या शिबिराला मी फोटोग्राफर, यातली गंमत माझ्या बायकोने मला पुरेशी ऐकवली होती. पाहुण्यांचे फोटो उरकले आणि बाहेर आलो तर रांगेत मावशी. मुलाने तिचा दंड धरला होता. मी नमस्कार केला, आवाजावरून तिने ओळखलं आणि आजूबाजूच्या बायकांना मोठ्याने सांगायला लागली, "हाच तो फोटोवाला. माझा म्हातारा ह्यानीच ठेवलाय." मग माझा हात चाचपून धरला. म्हणाली, "किती वरसां झाली, त्याचा तोंड नीट बघितला नाय. जितेपनी नाय बघितला. आता डोले साफ झाले का पयला त्यालाच बघनार. त्याच्यासाठीच आली इथं, नायतर मना काय बघायचा राहिलाय?"

मी तिच्यापाशी उभाच राहिलो. सांगायला हवं होतं. पण काय सांगणार, ऑपरेशन करू नकोस? एक विचार माझ्या मनात येऊन गेला, तो लिहायलाही लाज वाटते. मला वाटलं, आज हिचा नंबर नाही लागला तर बरं. आंधळी म्हातारी आंधळी राहिली तर माझी चूक झाकली जाईल, असा तो विचार होता. मला माझी शिसारी आली. मी मुलाला बाजूला घेऊन म्हटलं, तो फोटो तसला आहे, तिला सांगून ठेव. तो म्हणाला, "तुम्हीच सांगा ना दादा." आणि तेवढ्यात तिचा नंबर लागला.

ऑपरेशनला तिला गाडीने शहरात नेलं. एक डोळा आधी आणि दुसरा नंतर. तेवढा काळ माझ्या हातात होता. मी म्हाताऱ्याचा चेहरा शोधायला लागलो. आधारकार्डावरचा फोटो मागवला. तो काळा ठिपका होता, त्यात माणूस आहे हे विश्वासानेच मानायचं. लग्नातले माझे सगळे फोटो एकेक करून मोठे केले. कुठे बाशिंग आडवं आलेलं, कुठे तो पाठमोरा, कुठे जेवणाच्या पंगतीत मान खाली. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये असेल म्हणून निरोप पाठवले. मोबाइलमध्ये नाच होता, तारपा होता, डीजे होता, जेवणाची पातेली होती. म्हाताऱ्या नवरा-नवरीचा फोटो एकानेही काढला नव्हता. कशाला काढतील? फोटोवाला होता ना.

माझा मेहुणा नाशिकला असतो. तो म्हणाला, हल्ली मोबाइलवर अंधुक फोटो साफ करता येतो, पाठव. मी पाठवला. चहा पिऊन होईपर्यंत परत आला. चेहरा असा लख्ख की पापण्या मोजून घ्याव्यात. कपाळावर सुरकुत्या, डोळ्यांत चमक, ओठांमागे सरळ दात. मी चष्मा घालून बघितलं, काढून बघितलं, वरच्या नंबरातून, खालच्या नंबरातून बघितलं. फोटो फारच सुंदर होता. म्हातारा तसा होता का, ते मात्र मला ठरवता येईना. तरी मी तो छापून ठेवला.

बाजाराच्या दिवशी मावशी आली. बरोबर सून होती. डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा. दारातून आत आल्यावर तिने तो काढला आणि माझ्याकडे टक लावून बघितलं. "दादा, तू तर म्हातारा झालास की! आवाजावरनं मना वाटायचा, तरना आहेस." सून हसली. मी हसलो. आणखी थोडा वेळ असंच बोलत राहावं असं मला वाटत होतं. पण तिने पिशवीतून फ्रेम काढून टेबलावर ठेवली.

"काच बदलून दे," ती म्हणाली. "चुलीचा धूर बसलाय. पुसून पुसून हात दुखले, पन निघत नाय."

मी फ्रेम उलटी केली, खिळे काढले, काच बाजूला केली. काच स्वच्छ होती. पदराने इतकी पुसलेली की तिच्यात माझं तोंड दिसत होतं. नुसता फोटो मी तिच्यापुढे ठेवला. तिने वाकून बघितलं. बोट लावून बघितलं. मग बोट मागच्या भिंतीवर नेलं.

"चौक दिसतोय," ती म्हणाली. "हा माझ्या ननंदेनी लिवला. ही झाडां पन तिचीच. सगला दिसतोय." मग थांबली. "मंग हाच का नाय दिसत?"

मी सांगितलं. चष्मा कपाळावर होता ते सांगितलं, डोळ्यातलं धुकं सांगितलं, मधल्या जागेतून नेम भिंतीला कसा लागला ते सांगितलं. तिला नेम वगैरे किती कळलं ठाऊक नाही. एवढं कळलं की फोटोतला माणूस पुसून निघणार नाही. सून भिंतीवरच्या नमुन्याच्या फोटोंकडे बघत राहिली. मावशी रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिने विचारलं, "दुसरा नाय?"

मी खणातून मेहुण्याने साफ केलेला फोटो काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो नीट दोन्ही हातांनी धरला. दाराच्या उजेडाकडे वळून बराच वेळ बघितला. मग भल्या मनाने म्हणाली, "बेस हाय मानूस. कोनच्या गावचा?"

मी सुनेकडे बघितलं. सून हळूच म्हणाली, "आये, मामाच हायेत ते." मावशीने पुन्हा बघितलं. सुनेचं मन राखायला बघितलं असावं. मग तो फोटो पालथा करून टेबलावर ठेवला. "नाय," ती म्हणाली.

मी चहा मागवू का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली. पहिला फोटो, चौकाचा, तिने पुन्हा पुढे ओढला आणि तोंड जिथे असायला हवं तिथे बोट ठेवलं.

"हसत होता का तवा?" तिने मला विचारलं. "तू डोला लावून त्याच्याकडंच बगत होतास. आमी बसलो, बायका हसत होत्या, मी आयकला. तो हसत होता का?"

मी फोटो उचलला. चष्म्यातून बघितला. चष्मा काढून बघितला. दारात जाऊन उजेडात धरला. नाकाखाली एक काळसर पट्टा होता, तो हसू असेल, सावली असेल, मिशी असेल. मी तो दिवस आठवून बघितला. शर्टाच्या घड्या आठवल्या, धवळेरीचं गाणं आठवलं, माझंच हसणं आठवलं. हो म्हणायला काही लागलं नसतं. हो म्हणावं असं ओठावर आलंही होतं. पण ती माझ्याकडे नव्या डोळ्यांनी बघत होती आणि मला खोटं बोलवेना.

"मला नाही दिसलं, मावशी," मी म्हटलं.

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "मी तं बाजूलाच बसलेली. मना पन नाय दिसला." आणि तिने माझ्या हातातून फोटो घेतला आणि डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.